समासातली टीप

दिवाळीची साफसफाई आली की आमच्या घरी पुस्तकांवर संक्रांत येते. "दोन खोल्यांत माणसांनी राहायचे की पुस्तकांनी?" हा सौ.चा वार्षिक प्रश्न. यंदा नातही तिला सामील झाली. "आजोबा, ही सगळी पुस्तकं माझ्या टॅब्लेटमध्ये मावतील!"

मी तत्काळ व्याख्यानाचा पवित्रा घेतला. "२००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. हक्कांचा घोटाळा होता, पैसे परत दिले, मागाहून माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक न विचारता गेलेच ना! माझ्या कपाटातले पुस्तक कोणी असे नेईल काय?"

"आजी नेतेच आहे की!" नात म्हणाली.

मी गप्प बसलो. पण हा वाद हल्ली कादंबऱ्यांतही शिरला आहे. रॉबिन स्लोन या अमेरिकन लेखकाच्या २०१२ मधील कादंबरीत सॅन फ्रान्सिस्कोत पेनम्ब्रा नावाच्या गृहस्थांचे रात्रंदिवस उघडे असणारे पुस्तकांचे दुकान आहे. एका गूढ ग्रंथाचे कोडे सोडवायला गूगलची यंत्रे जुंपली जातात आणि हात टेकतात. उत्तर मिळते ते छापखान्यातल्या जुन्या धातूच्या अक्षरांपाशी. अँथनी डोअर यांच्या २०२१ च्या 'क्लाउड ककू लँड'मध्ये यानातल्या मुलीच्या सोबतीला सारे ज्ञान साठवलेले यंत्र असते. तरी एक प्राचीन गोष्ट ती अन्नाच्या पिशव्यांच्या कपट्यांवर हाताने लिहून काढते.

हे दाखले नातीला ऐकवीत मी रद्दीच्या पिशवीतून वडिलांचे 'गीतारहस्य' ओढून काढले आणि ऐटीत उघडले. नात थोडा वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पान उलटतच नाही आहात."

खरेच होते. मोतीबिंदूने अक्षरांची नुसती मुंग्यांची रांग झाली होती. ज्या पुस्तकांसाठी मी दर दिवाळीला भांडतो, त्यांतले एकही दोन वर्षांत वाचलेले नाही, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

नातीने त्या पानाचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. समासात वडिलांच्या हातची फिकट पेन्सिल होती. "बाळूला ताप. आज वाचन नाही."

बाळू म्हणजे मी.

त्या टॅब्लेटात हजार ग्रंथ मावतील, पण ही ओळ जगात एकाच प्रतीत होती. आणि टॅब्लेट नसता, तर मला ती कधी दिसलीच नसती. मी काहीच बोललो नाही. सौ.ने मात्र पिशवीतली उरलेली पुस्तके एकेक करून बाहेर काढली आणि पुन्हा कपाटात लावली.

पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरले आहे. तोवर रोज संध्याकाळी नात पाने मोठी करून दाखवते.

वाचकहो, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी समास तेवढे बघून घ्या!