नांगराविना उगवलेले

पोळ्याला बैल सजतो आणि त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. आज बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी या दिवसाची रीत. म्हणून परसातले, बांधावरचे, हाताने लावलेले जे मिळेल त्याची भाजी चुलीवर चढते. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. वर्षभर नांगराच्या जोरावर जगणारा माणूस एक दिवस नांगराविना उगवलेले खातो. रीत घालणाऱ्याच्या मनात काय होते, कोण जाणे. पण आपल्या हुकमाबाहेरही काही उगवते आणि त्यावरही पोट भरते, याची वर्षातून एकदा उजळणी होते खरी.

बुलढाणा जिल्ह्यात या पंचमीला आणखी एक अर्थ आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, गुरुवारी, याच तिथीला शेगावात गजानन महाराजांनी समाधी घेतली. दर पुण्यतिथीला गावोगावच्या दिंड्या शेगावात येतात. त्या गर्दीतला जवळपास प्रत्येक जण काही मागायला आलेला असतो. नोकरी, लग्न, कोर्टातला निकाल, पाऊस. मागण्यात गैर काही नाही. पण ज्याच्यापुढे मागायचे, त्याने स्वतःसाठी काय मागितले होते, हेही या दिवशी आठवावे.

फेब्रुवारी १८७८ मध्ये हा पुरुष शेगावला पहिल्यांदा दिसला तो उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे 'श्री गजानन विजय' ग्रंथ सांगतो. पुढे बत्तीस वर्षे पंचक्रोशीने त्यांना पाटावर बसवले. पण आजही त्यांचा आवडता नैवेद्य म्हणून पिठले, भाकरी आणि अंबाडीची भाजीच केली जाते. आपले गाव कोणते, कूळ कोणते, हे त्यांनी सांगितले नाही. माणूस जमीन सोडेल, पैसा सोडेल. आपल्याविषयी लोकांनी काय सांगावे, यावरचा ताबा मात्र सहसा सोडत नाही. महाराजांनी नेमका तोच सोडला.

हा ग्रंथ ज्यांनी १९३९ मध्ये लिहिला, त्या दासगणूंना सोडणे इतक्या सहज जमले नव्हते. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे पोलीस शिपाई, आणि फौजदार होण्याची जबर हौस. शिर्डीच्या साईबाबांनी नोकरी सोडायला सांगितले. यांनी मुदत मागितली. एवढी परीक्षा होऊ द्या, एवढी बढती मिळू द्या, मग सोडतो. वर्षे गेली, संकटे आली, आणि अखेर राजीनामा दिला. त्या शिपायाचे पुढे महाराष्ट्रभर कीर्तने करणारे दासगणू झाले. आपल्या बहुतेकांची जातकुळी महाराजांची नाही, दासगणूंची आहे. आपण देवाला नाही म्हणत नाही. तारीख पुढची मागतो.

तारीख पुढे न ढकलता आजच कसे सोडायचे, हे पाहायचे तर शेगावच्या मंदिरातच पाहावे. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी दिसतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. ठरावीक दिवस विनामोबदला राबायचे, आणि त्यासाठीही आधी नाव नोंदवून पाळीची वाट पाहायची. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणायचे. वाट्याला येईल ते काम करायचे. चपला सांभाळायच्या, फरशी पुसायची, पंगतीत वाढायचे. घरी ज्याच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, तो इथे अनोळखी माणसाची चप्पल उचलून ठेवतो. शरणागतीवर प्रवचने पुष्कळ झाली. इथे ती स्वच्छ फरशीत दिसते.

ही शिस्त अनेक दशके घडवणारे, मंदिर संस्थानाचा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. १९८३ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, रुग्णसेवा, भक्तनिवास, आनंदसागर उद्यान अशी कामे त्यांच्या काळात उभी राहिली. संस्थानाचे पाणीही ते पीत नसत, असे भक्त आजही सांगतात. त्यांच्या कारभारात एक विरोधाभास दिसतो. मालक आपण नाही असे ज्याने मनापासून मानले, त्याचा हिशेब मालकापेक्षा चोख निघाला. 'देवाच्या मर्जीने चालेल' म्हणून ढिलाई करणारे कितीतरी असतात. भाऊंनी उलट केले. काम देवाचे, म्हणून त्यात कुचराई चालणार नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ज्या जिल्ह्यात महाराजांची समाधी आहे, त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी गळफास जवळ केल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. शेगाव, संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा असा, की जमिनीखाली पाणी असूनही ते पिकाला चालत नाही. वरून पाऊस हुलकावणी देतो, बाजारात सोयाबीन आणि कापूस भावाला मार खातात. अशा माणसाला 'देवावर सोपव' म्हणणे ही भक्ती नव्हे, अंगचोरपणा आहे. पाऊस देवाच्या हाती असेल. सिंचन, पीकविमा आणि हमीभाव सरकारच्या हाती आहेत. ज्याच्या हाती काहीच उरलेले नाही, त्याला सोडून द्यायला सांगणार तरी काय? घरातल्या सुनेला सोसायला सांगणारी शरणागतीही त्याच जातीची. शरणागती स्वतःकडून मागायची असते. ती दुसऱ्याला शिकवायला निघालेला बहुधा आपली सत्ता राखत असतो. एखाद्या बुवाच्या पायी विवेक वाहणे हीदेखील शरणागती नव्हे. ती केवळ ताब्याची अदलाबदल आहे.

खरे तर सोडणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. तो बी निवडतो, पेरतो, निंदतो, डवरतो, रात्री जागून रानडुकरे हाकलतो. यातले एकही काम तो देवावर टाकत नाही. आणि एवढे करून झाल्यावर आभाळाकडे पाहतो. पंचमीच्या सुमारास त्याच्या सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात. आपले सगळे करून झाल्यावरचे ते पाहणे आणि काहीच न करता आभाळाकडे पाहणे, या दोन्हींना आपण 'देवावर भरवसा' असे एकच नाव देऊन मोठा घोळ घातला आहे.

पुण्यतिथीचा सोहळा संपेल, दिंड्या परततील. सेवेकऱ्याची पाळी सरेल. पांढरा सदरा घडी करून तो पिशवीत ठेवील आणि एसटीत बसेल. समाधीजवळ नम्र होणे सोपे आहे. तिथली शिस्त माणसाला वाकवते. घरी पोचल्यावर मुलगा म्हणेल, मला तुम्ही ठरवलेले शिकायचे नाही. भाऊ वाटणीचा विषय काढील. कचेरीत कोणी तरी नेहमीचा अर्ज घेऊन ताटकळत उभा असेल. अनोळखी माणसाला चार दिवस 'माऊली' म्हटलेल्या तोंडातून तेव्हा पहिला शब्द कोणता निघतो, यावर त्याची सेवा रुजू झाली की नाही ते ठरेल.