करंगळीला जागा हवी

कॅमेऱ्याच्या दुकानात मिररलेस हातात देताना काउंटरपलीकडून एक वाक्य हमखास येतं, "बघा, किती हलका आहे!" हातात दिलेली असते ती नुसती बॉडी, फार तर सोबतची छोटी लेन्स लावलेली. आपण ती दोन मिनिटं वर-खाली करून बघतो, मान डोलावतो आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की मिररलेस म्हणजे लहान आणि हलका, असं समीकरणच होऊन बसलं आहे. नवं मॉडेल शंभर ग्रॅमनं जड निघालं की लगेच विचारणा होते, मग आरसा काढून मिळवलं काय? ही विचारणाच मला चुकीच्या जागी उभी आहे असं वाटतं. पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढून माझं जे मत झालंय, ते इथे मांडतो.

आधी समोरच्या पक्षाचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरपा आरसा असतो आणि प्रत्येक फोटोच्या वेळी तो वर उचलला जातो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून लेन्सचं माऊंट सेन्सरपासून लांब ठेवावं लागतं. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माऊंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं. २०१८च्या झेड माऊंटमध्ये ते १६ मिलिमीटर झालं. कॅनननं ४४ वरून २० वर आणलं. आरसा गेला, वरचं प्रिझम गेलं, डबा चपटा झाला. २०१३ साली सोनीचा पहिला ए७ आला तेव्हा फुल फ्रेम सेन्सर असूनही बॅटरी आणि कार्ड धरून त्याचं वजन ४७४ ग्रॅम होतं. ज्यांनी किलोभराचे डीएसएलआर वर्षानुवर्षं गळ्यात वागवले होते, त्यांना तो हातात घेतल्यावर सुटका झाल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं होतं.

पण एकट्या बॉडीनं फोटो निघत नाही. मांडवात माझ्या हातात बहुतेक वेळ ७०-२०० असते, एफ २.८ची. २०० मिलिमीटरला २.८नं भागा, उत्तर येतं ७१. म्हणजे समोरून प्रकाश आत घेणारं तोंड साधारण ७१ मिलिमीटर रुंद हवंच. मागे आरसा असो वा नसो, या भागाकारात काही बदल होत नाही. माऊंट सेन्सरजवळ आल्याचा फायदा वाइड लेन्सना चांगला होतो, लांब पल्ल्याच्या लेन्सना फारसा नाही. यावर कुणी म्हणेल, नव्या लेन्स हलक्या झाल्या आहेत की! झाल्या आहेत, पण आरशामुळे नव्हे. सोनीची २०१६ची ७०-२०० एफ २.८ भरायची १४८० ग्रॅम, २०२१ची दुसरी आवृत्ती भरते १०४५ ग्रॅम. दोन्ही मिररलेससाठीच बनवलेल्या, एकाच माऊंटच्या. मधल्या पाच वर्षांत कुठला आरसा निघालेला नव्हता. भिंगांची रचना सुधारली, त्याचं हे श्रेय आहे. उलट बाजूचं उदाहरणही आहे. कॅनननं २०१८ साली ईओएस आर आणला, बॅटरी-कार्डासह ६६० ग्रॅमचा, आणि त्याच वेळी २८-७० एफ २ ही लेन्स आणली, १४३० ग्रॅमची. जोडी दोन किलोंवर गेली आणि त्यात बॉडीचा वाटा एक तृतीयांशसुद्धा नाही. तिथे बॉडीतून शंभर ग्रॅम कापून खांद्याला कितीसा आराम पडणार?

खांद्याचं तरी ठीक आहे, पट्टा असतो. खरी परीक्षा हाताची होते. भरलेली कळशी कडेवर घेऊन चाला आणि तीच कळशी काठाला चिमटीत धरून उचला. पाणी तेवढंच असतं, पण चिमटीत ती दहा पावलं जात नाही. कॅमेऱ्याचं तसंच आहे. जड लेन्स पुढे लावली की तिचं वजन बॉडीला पुढे झुकवतं आणि ते झुकणं उजव्या हातानं पेलायचं असतं. मूठ भरेल अशी खोल ग्रिप असेल तर भार तळहातावर पसरतो. ग्रिप उथळ असली की बोटांची टोकं आणि अंगठ्याचं मूळ, एवढ्यावरच सगळं येतं. बॉडी बुटकी असली तर करंगळीला टेकायला काही उरत नाही, ती खाली लोंबकळते आणि पकड चारऐवजी तीन बोटांची होते. आणखी एक गोष्ट दुकानात कधीच लक्षात येत नाही. ग्रिप आणि लेन्सची नळी यांच्यात बोटांच्या पेरांना जागा लागते. रुंदी कमी करण्याच्या नादात ती फट अरुंद झाली की जाड लेन्स लावल्यावर मधल्या बोटाचं पेर तासन् तास धातूवर घासत राहतं.

काही वर्षांपूर्वी मी हौसेनं अशीच एक चपटी बॉडी घेतली होती. साताऱ्याकडचं लग्न, मुहूर्त दुपारी बाराचा, मी सकाळी सहापासून उभा. हळद झाली, देवक झालं, वरात आली. मंगलाष्टका सुरू होईपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला होता. त्या कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठा टेकायला मोकळी जागा नव्हतीच. होती तिथे फोकसचा बिंदू हलवणारी जॉयस्टिक. थकलेला अंगठा नकळत तिच्यावर रेलला. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मी शटर दाबून धरलं. घरी येऊन पाहिलं तर पहिल्या सगळ्या फ्रेममध्ये फोकस कोपऱ्यात, अंतरपाटाचं टोक धरलेल्या काकांच्या मनगटावर. घड्याळाचे काटे इतके स्पष्ट, की वेळ वाचता यावी. आणि नवरानवरीनं एकमेकांकडे पहिल्यांदा पाहिलं ते सगळं धूसर. तो क्षण पुन्हा घडवून घेता येत नाही. त्या मुलीच्या आईला मी काय सांगणार होतो, की माझा कॅमेरा हलका होता?

सरावानं हे जमतं, असं यावर सांगितलं जातं. जमतं, मीही नंतर जमवून घेतलं. पण हाताला वाकडं वळण लावून जमवणं हा कॅमेऱ्याचा गुण होत नाही. आणि वापरणाऱ्यांची ही तक्रार खोटी असती तर कंपन्यांनी आपली पावलं मागे घेतली नसती. सोनीचंच पाहा. २०१४चा ए७ दुसरा ५९९ ग्रॅमचा झाला. त्यात सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आली हे खरं, पण ग्रिपही खोल केली गेली आणि पहिल्या ए७मध्ये माथ्यावर मागे बसवलेलं शटरचं बटण पुढे ग्रिपवर आलं, तर्जनी आपोआप पडते तिथे. २०१८चा ए७ तिसरा ६५० ग्रॅमचा. त्यात बॅटरी मोठी बसवली आणि एका चार्जमध्ये निघणारे फोटो पहिल्या ए७च्या ३४० वरून ७१० वर गेले. हे आकडे जपानी कॅमेरा उद्योगाच्या सीपा या संघटनेच्या ठरावीक चाचणीचे आहेत आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त फोटो निघतात. पण याच चाचणीत निकॉनचा डी८५० हा डीएसएलआर १८४० दाखवतो, त्यावरून पहिल्या ए७वाल्यांना खिशात किती बॅटऱ्या बाळगाव्या लागत असतील ते समजावं. पाच वर्षांत १७६ ग्रॅम वाढले आणि त्यांतला बराच भाग हाताच्या आणि दिवसभराच्या कामाच्या वाट्याला आला. मी याला प्रगती म्हणतो.

याच्या उलट दिशेचा प्रयोगही सोनीनंच केला. २०२०चा ए७सी घ्या. आत सेन्सरही २४ मेगापिक्सेलचा, बॅटरीही तीच मोठी, वजन मात्र ५०९ ग्रॅम. म्हणजे ए७ तिसऱ्याच्या तुलनेत १४१ ग्रॅम वाचले. त्याच्या बदल्यात गेलं काय? पुढची डायल गेली, जॉयस्टिक गेली, दुसऱ्या कार्डाची खाच गेली आणि व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा ०.७८ पटीवरून ०.५९ पटीवर आली. प्रवासात, घरात, ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स लावून फिरणाऱ्याला हा सौदा रास्त आहे आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. पण लग्नात एकच कार्ड असणं मला झोप लागू देणार नाही. पुढचा भाग आणखी बोलका आहे. २०२३ साली ए७सीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात पुढची डायल परत आली, प्रतिमा ०.७० पटीची झाली आणि वजन झालं ५१४ ग्रॅम. वाढले अवघे पाच ग्रॅम! मग पहिल्या वेळी ती डायल कापण्यामागे वजनाचं कारण होतं असं कसं म्हणायचं?

बटणं आणि डायली आता जुन्या झाल्या, सगळं पडद्यावर बोटानं होतं, हा दुसरा युक्तिवाद. घरात टेबलावर ठेवलेल्या वस्तूचा फोटो काढताना मी स्वतः पडद्यावर बोट ठेवतो, त्यात सोय आहे. पण डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना पडदा दिसत नाही, आणि गुळगुळीत काचेवर बोटाला खूण सापडत नाही. डाव्या डोळ्यानं बघणाऱ्यांचं तर नाक पडद्याला टेकतं आणि स्पर्शानं फोकस हलवण्याची सोय चालू असेल तर बिंदू भलतीकडे जातो. उंचवटा असलेलं बटण अंधारात, घामेजल्या बोटाला, न बघता सापडतं. आयएसओचं बटण शेजारच्या बटणापेक्षा किंचित खोलगट असणं ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. मांडवातले दिवे अचानक बदलतात तेव्हा ती क्षुल्लक राहत नाही. फुजिफिल्मच्या एक्स-टी मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांत माथ्यावर शटर आणि आयएसओच्या आकडे कोरलेल्या डायली असतात. त्यांना निव्वळ जुन्याची हौस म्हणणंही मला पटत नाही. कॅमेरा बंद असतानाही तो कुठल्या सेटिंगवर आहे ते त्यांच्यावर वाचता येतं, आणि सावकाश काम करणाऱ्याला ते फार मोलाचं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो, लहान हातांचं काय? माझ्या सहकारी मुलीचे हात लहान आहेत. मला वाटलं होतं, ती चपटी बॉडी तिलाच आवडेल. तिनं एक लग्न काढलं आणि परत आणून दिली. तिचं म्हणणं असं, की मला बारीक कॅमेरा नको, जवळची बटणं हवीत. ग्रिप भरगच्च हवी, फक्त तर्जनी ताणावी लागू नये. लहान हात आणि लहान डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्यामुळे कळलं. कॅनननं २०१९च्या ईओएस आरपीसोबत, म्हणजे ४८५ ग्रॅमच्या बॉडीला, तळाशी लावायची वेगळी ग्रिप विकायला ठेवली होती. करंगळीची सोय अशी हवी त्याला जोडून देणं, ही मला सचोटीची वाट वाटते.

मी लहान आकाराच्या विरुद्ध नाही. लहान कसं करावं याचा धडा १९७२ सालीच घालून दिलेला आहे, तोही आरसा असलेल्या कॅमेऱ्यात. ऑलिम्पसच्या योशिहिसा मैतानी यांनी बनवलेला ओएम-१ ५१० ग्रॅमचा होता. त्या काळच्या भारदस्त एसएलआरपुढे तो चिमुकला दिसे. पण मैतानींनी व्ह्यूफाइंडर छाटला नाही. त्यातली प्रतिमा ०.९२ पट, अगदी ऐसपैस होती. शटरचा वेग बदलणारं कडं त्यांनी लेन्सच्या माऊंटभोवती बसवलं. डावा हात तसाही लेन्सखाली असतो, त्याच हाताच्या बोटांनी डोळा न काढता ते फिरवता येई. त्यांनी यंत्राच्या पोटातली जागा आवळली, हाताची आणि डोळ्याची नाही. आज तर आरशानं अडवलेली सगळी जागा मोकळी झाली आहे. ती जाहिरातीतल्या ग्रॅमांसाठी खर्चायची, की बॅटरी, पेरांची फट आणि अंगठ्याच्या विसाव्यासाठी, हे ठरवणं रचनाकाराच्या हातात आहे, आणि विकत घेताना काय मागायचं हे आपल्या.

मी आता दुकानात जाताना माझी ७०-२०० सोबत नेतो. समोरच्या बॉडीला बसत नसेल तर त्यांच्याकडची तशीच जड लेन्स मागून घेतो. ती लावतो, डावा हात काढून घेतो आणि उजव्या हातात कॅमेरा तसाच धरून दहा मिनिटं मालकाशी बोलत राहतो. मग डोळे मिटून आयएसओचं बटण शोधतो. शेवटी खाली बघतो, करंगळी ग्रिपवर आहे की हवेत.