लोणारच्या काठावरचा तास

विज्ञानाच्या इतिहासावर विद्यार्थ्यांनी व्याख्यान रेकॉर्ड करायचे, तर बुलढाणा जिल्ह्यात विषय शोधत हिंडावे लागत नाही. लोणारचे विवर आहे.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ बहुतेकांनी ते ज्वालामुखीचेच मानले. भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक, त्यात नवल ते काय! १९७३ मध्ये आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज, मॅस्केलिनाइट, सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताच्या बाजूने निकाल लागला. वयाचा वाद मात्र मिटला नाही. सुमारे ५० हजार वर्षांचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ५ लाख ७० हजारांवर नेला.

शिक्षकांनी हा चुकत-सुधारत झालेला प्रवासच मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यावा. उघड्यावर वाऱ्यात शब्द विरतात, तेव्हा कॉलरचा माइक जरूर लावावा.