रहाट उचलून नेता येतो, बावखल नाही

नाताळ सरला की आमच्या वसईत महोत्सवांचे मंडप उभे राहतात. एका कोपऱ्यात जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, तांब्याची घागर मांडलेली असते. लाल लुगडं नेसलेल्या बायका जुनी लग्नगीतं म्हणतात. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी विकायला येतात आणि तासाभरात संपतात. एखाद्या वर्षी रंग दिलेला रहाटही असतो. मुलं त्याच्या चाकाला हात लावून फोटो काढून घेतात. ही पोरं निदान रहाट पाहतात, याचा मला मनापासून आनंद होतो. पण मी माणिकपूरच्या वाडीत वाढलो आणि नोकरीची सगळी वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. यंत्र दिसलं की ते कशावर चालत होतं, हे पाहायची सवय हाताला लागलेली आहे. मंडपातल्या रहाटाखाली पाणी नसतं.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला हातानं खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमची जमीन रेताड, समुद्र जवळ, त्यामुळे थोडं खणलं की पाणी लागतं. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाणी देतं आणि वाडीत साचणारं पाणी स्वतःत ओढून घेतं. काठाला नारळ, पलीकडे केळी, अळू, पानवेली, मोगरा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की घरची सगळी माणसं उतरून गाळ काढायची. तोच गाळ केळीच्या बुंध्याशी पडायचा. म्हशी तिथंच डुंबायच्या, कपडे तिथंच धुतले जायचे, आणि पहिल्या पावसानंतर मासे धरायला आम्ही पोरं तिथंच असायचो.

बावखलाच्या काठी रहाट. एक आडवं दातेरी चाक, त्यात अडकणारं दुसरं उभं चाक, आणि पाण्यात उतरणारी गाडग्यांची माळ. रेडा नाहीतर बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीत ओतायची, तिथून पाणी पाटाला लागायचं. दाता झिजला तर सुतार तेवढाच बदलून द्यायचा, गाडगं फुटलं तर कुंभाराकडून दुसरं आणायचं. कारखान्यात मी मोठमोठी यंत्रं उघडली आणि जोडली, पण गावच्या दोन कारागिरांच्या हातात ज्याची सगळी दुरुस्ती होती, असं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

आणि त्याची खरी करामत त्याच्या संथपणात होती. इंजिनाचा वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याला गव्हर्नर बसवतात. आमच्या जमिनीतल्या पाण्याला रहाट हाच गव्हर्नर होता. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं भराभर उपसलं की खालचं खारं वर चढतं. जनावर दमायचं, थांबायचं, तेवढ्यात झरे भरून यायचे. विजेचा पंप दमत नाही. पुढे पंपांमागून टँकर आले, वसईच्या विहिरी शहराकडे वाहून जाऊ लागल्या, आणि त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'ची हाक दिली ती या पाण्यासाठी आणि वाड्यांसाठी. १९९० साली या भागाचं नियोजन सिडकोकडे गेलं, २००९ मध्ये महापालिका झाली. स्टेशन आणि वसई गाव यांच्या मधोमध असलेलं माणिकपूर या बदलाच्या तोंडावरच होतं. इथली बावखलं डेब्रिज टाकून बुजली. त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींत आज राहणाऱ्या कुटुंबांना पायाखाली काय होतं ते ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

जुलै २०१८ मध्ये पावसाचं पाणी आमच्या भागातून दिवसेंदिवस हटलं नाही. लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरातल्या लोकांना काढायला बचावपथक आणावं लागलं. त्या पुराला कारणं अनेक होती: नाले अरुंद झाले, खाड्यांची तोंडं आवळली गेली, भराव पडले. नुसत्या बावखलांनी तो पूर थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण शेकडो वर्षं जे पाणी जागोजागी खड्ड्यात थांबायचं, ते आता रस्त्यावर आणि तळमजल्यावर थांबतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

बावखल बुजवणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. एका बावखलात चार भावांचा हिस्सा, मुलं नोकरीला, गाळ काढायला मजूर परवडत नाही, आणि दाराशी बिल्डर उभा. जपण्याचा खर्च त्या घरानं करायचा आणि फायदा अख्ख्या गावानं घ्यायचा, हा न्याय नव्हे. कायदाही तिथं मदतीला येत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी माणसानं बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत. आमच्या पूर्वजांनी बावखल शेतीसाठी खणलं, म्हणून ते पाणथळ ठरत नाही! याउलट सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच, हिंचलाल तिवारी खटल्यात, तळी ही समाजाची संपत्ती असून ती राखली पाहिजेत असं स्पष्ट सांगितलं. तो खटला गावच्या सार्वजनिक तळ्याचा होता. खासगी सात-बाऱ्यावरच्या बावखलासाठी वेगळी वाट काढावी लागेल, आणि ती काढणं महापालिकेला व महसूल खात्याला अशक्य नाही.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला स्कॅन्सन नावाचं खुलं संग्रहालय १८९१ पासून आहे. देशभरातली जुनी शेतघरं, अगदी उत्तरेकडच्या सामी लोकांची राहुटीसुद्धा, तिथं नेऊन उभी केली आहेत. चांगलंच काम आहे. उत्तर कोकणातही असं संग्रहालय व्हावं, त्यात आमची जाती, लुगडी, रहाट जरूर जावेत. पण बावखल कुठल्या संग्रहालयात नेणार? ते आहे तिथंच राहिलं तर राहील, आणि ते राहिलं तरच सुकेळ्यांची केळी, मोगरा, पानवेल आणि लग्नगीतातली वाडी यांना पाणी मिळेल. म्हणून महोत्सवांवर खर्च करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: उरलेल्या प्रत्येक बावखलाची सर्व्हे नंबरसह यादी करा, विकास आराखड्यात ते जलसाठा म्हणून दाखवा, सात-बाऱ्यावर नोंद घ्या, आणि जो ते राखेल त्याला मालमत्ता करात सूट द्या किंवा विकासहक्क दुसरीकडे वापरू द्या. गाळ काढायचा खर्च पालिकेनं उचलावा. तो काढायचे दिवस एप्रिल-मे. त्याआधी यादी हातात हवी. जुन्या जागा दाखवू शकतील अशी म्हातारी माणसं माणिकपुरात, दिवाणमानला, गासला अजून हिंडती-फिरती आहेत. सर्वेक्षणाला माणसं पाठवा, आमच्या बाजूच्या जागा दाखवायला मी बरोबर येतो.