तुमचं इंजिन पुरे आता!



मराठवाड्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून छापत नाही. ती लिहिते, "आमचे मामंजी रेल्वेत आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर झाले. वय आता ऐंशीच्या पुढं. संध्याकाळचा चहा झाला, की त्यांचं कोळशाचं इंजिन सुरू होतं. कुठल्या पावसात गाडी रात्रभर कशी उभी राहिली, कुठल्या स्टेशनात पाणी गोड होतं, सगळं तेच ते. मुलं मोबाइल घेऊन उठून जातात. सासूबाई पहिलं वाक्य ऐकलं, की म्हणतात, 'तुमचं इंजिन पुरे आता!' आणि आत निघून जातात. मामंजी मग रात्रीपर्यंत गप्प. मी कुणाची बाजू घेऊ?"

पत्र वाचलं आणि वाटलं, हा प्रश्न काही एकाच घरातला नाही. आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी नाहीतर सासरी कुणी ना कुणी रेल्वेतलं असतंच. तेव्हा आज मसाल्याच्या बरण्या राहू द्या बाजूला. आज इंजिनाबद्दलच बोलू या.

वाफेचं इंजिन म्हणजे काहीतरी अगम्य यंत्र, बायकांना त्यातलं काय कळणार, असं आपण उगीच धरून चालतो. अहो, आपल्याइतकं ते कुणालाच कळणार नाही! न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतोय ना? मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे तोच बंब, फक्त आडवा घातलेला, आणि एका नळीच्या जागी कितीतरी नळ्या. आगीची ऊब त्या नळ्यांतून जाते, पाण्याची वाफ होते आणि कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते. पुढं तो दट्ट्या चाकं फिरवतो. वाफ फार झाली, तर कुकरची शिट्टी वर उचलली जाते तशी इंजिनाचीही झडप उघडते. आणि आपण लहानपणी तोंडानं जे 'झुक झुक' करायचो, तो काम करून बाहेर पडणाऱ्या वाफेचा आवाज. ती वाफ धुराड्यातून जोरात निघताना आगीतून वारा ओढून घेते. म्हणजे गाडी जितकी जोर करील, तितका विस्तव आपोआप फुललेला. आपल्याला शेगडीपुढं बसून पंख्यानं वारा घालावा लागे, इंजिन आपलं आपण घालून घेई!

आणि फायरमनचं काम? नुसतं फावड्यानं कोळसा लोटायचा, असं वाटतं. तसं नव्हतं हो. ज्यांनी कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केला आहे, त्यांना विचारा. एकदम भसकन कोळसा ओतला, की विस्तव गुदमरतो आणि घरभर धूर. थोडा थोडा, सगळीकडे सारखा पसरून घालावा लागतो. राख वेळेवर पाडावी लागते. इंजिनातही अगदी हेच. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला, म्हणजे कोळसा नीट जळत नाही, वाया चालला. फरक एवढाच, की आपण किलोंच्या हिशेबात घालायचो आणि तो माणूस एका फेरीत टनांच्या हिशेबात, तेही हलत्या फळीवर उभं राहून. आपलं पातेलं करपलं, तर घासून निघतं. तिथं बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, तर स्फोटाचीच भीती. एक डोळा विस्तवावर आणि एक पाण्याच्या काचेवर, अशी ती नोकरी.

आता थोडा इतिहास. मुलांना सांगायला उपयोगी पडेल. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. चौदा डबे, चौतीस किलोमीटर, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. विजेची गाडीही पहिल्यांदा मुंबईतच धावली, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, व्हीटी ते कुर्ला. पुढच्या पाच-सहा वर्षांत पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत वीज आली. म्हणून तर 1930 मध्ये सुरू झालेली आपली डेक्कन क्वीन पहिल्यापासून विजेवरची, धुराविना! पण इगतपुरीला नाहीतर पुण्याला विजेचं इंजिन काढलं, की पुढं लावायचं ते वाफेचंच. बाकीच्या महाराष्ट्राला त्यानंतर कितीतरी वर्षं कोळशाशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं.

ही इंजिनं आपल्याकडेही बनत. पश्चिम बंगालमध्ये चित्तरंजनचा कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. तिथं वाफेची एकंदर 2351 इंजिनं तयार झाली. ब्रॉड गेजचं शेवटचं 1970 मध्ये बाहेर पडलं. त्याचं नाव काय ठेवलं होतं, माहीत आहे? 'अंतिम सितारा'. मीटर गेजचं शेवटचं 1972 मध्ये. बनायची थांबली, तरी धावायची थांबली नाहीत. मनमाड-औरंगाबादच्या मीटर गेजवर त्यानंतरही बरीच वर्षं धूर निघत होता. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूरच्या, सगळ्यांच्या लाडक्या 'शकुंतले'ला 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन ओढत होतं. ते 15 एप्रिल 1994 रोजी थांबलं आणि त्या जागी डिझेलचं आलं. देशातली ब्रॉड गेजवरची वाफेची नेहमीची शेवटची गाडी 6 डिसेंबर 1995 रोजी पंजाबात जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. आता दार्जिलिंगला आणि निलगिरीच्या डोंगरात वाफेची इंजिनं दिसतात, ती मुख्यतः हौसेच्या प्रवासाची.

गेली कशामुळं? हिशेबी गृहिणीला लगेच पटेल. शंभर रुपयांचा कोळसा जाळला, तर गाडी ओढायला त्यातले दहा रुपयेसुद्धा कामी येत नसत. बाकीचे धुराड्यातून आकाशात. वाटेत सारखं पाणी भरा, राख काढा, थंड इंजिन पेटवून तयार करायला कित्येक तास घाला. इतका उधळा कारभार कुठल्या घराला परवडेल?

आणि एक गंमत तुमच्या ध्यानात आली का? रेल्वेतून कोळसा जात होता, त्याच सुमाराला तो आपल्या स्वयंपाकघरातूनही जात होता. इंडेनचं पहिलं गॅस कनेक्शन 1965 साली कलकत्त्याला दिलं गेलं. पुढच्या दहा-वीस वर्षांत गावोगावी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून सिलिंडर घरात आला. वखारीतून पोतं आणणं, भुकटी शेणात कालवून गोळे थापणं, सकाळी अंगणात शेगडी पेटवून धूर जाईपर्यंत थांबणं, हे सगळं संपलं. त्या दिवशी कुणा बाईला रडू आल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट सिलिंडरला हळदकुंकू लावून पेढे वाटल्याचं ऐकलं आहे! मग इंजिन गेल्याचं एवढं दुःख का बरं?

इथंच त्या पत्रातल्या सासूबाईंकडे वळावंसं वाटतं. मामंजींच्या गोष्टीत पाऊस आहे, रात्र आहे, शिट्टी आहे. त्याच रात्री घरी काय चाललं होतं, ते त्यांच्या गोष्टीत येत नाही. कारण ते तिथं नव्हतेच.

रेल्वे कॉलनीतल्या बायकांना विचारून पाहा. रात्री दीड-दोनला दारावर थाप. बाहेर वही घेऊन कॉलबॉय उभा. नवरा सही करी आणि बायको शेगडी पेटवी. दोन वेळचा डबा, कोरडी चटणी, भाकरी. तो गेला की परत कधी येणार, याचा भरवसा नाही. मालगाडी आडबाजूच्या स्टेशनात आठ-आठ तास खोळंबून राही. निरोप द्यायला फोन कुठला? शेजारीण म्हणे, "आमच्यांची गाडी आली, तुमच्यांची यायची आहे." की तेवढाच जिवाला आधार. तान्ह्याला ताप असो, दिवाळीची पहिली अंघोळ असो, ड्यूटी ती ड्यूटी. मग तो दुपारी परत येई, डोळ्यांच्या कडांपर्यंत काळा. दिवसा झोपायचा, म्हणून पोरांना गप्प बसवायचं. आणि ते कपडे! तेल, घाम आणि काजळी. ज्यांनी धुतले, त्या सांगतात, की आधी कोरडेच झटकायचे. ओले केले, की काजळी सुतात शिरलीच म्हणून समजा. मग सोड्याच्या कढत पाण्यात वेगळ्या बादलीत भिजत घालायचे. घरातल्या बाकीच्या कपड्यांना त्यांचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही.

डिझेल आलं, तेव्हा मामंजींना वाटलं असेल, की आपली विद्या गेली. खरंच गेली ती. पाच-सात वर्षं फावडं मारून, धुराच्या रंगावरून विस्तव ओळखायला शिकलेल्या माणसाला ते लागणारच. पण सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली असेल, तर तेही खरंच आहे.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या ताईला सांगते, बाजू कुणाचीच घेऊ नका. 'पुरे आता' म्हणण्यामागं कंटाळा नसेल. पन्नास वर्षांत 'आणि तेव्हा तू काय करत होतीस?' असं कुणी विचारलं नसेल, त्याचा तो राग असेल. तुम्ही विचारा. मामंजी पावसातली ती रात्र सांगायला लागले, की मध्येच म्हणा, "सासूबाई, त्या रात्री तुम्ही कुठं होतात हो? घरात कोण कोण होतं?" पहिल्या दिवशी त्या 'काय करायचंय तुला' म्हणतील. चौथ्या दिवशी बसतील.

आता सगळ्यांसाठीच दोन-चार सूचना.

एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर आजोबांचं, उजव्या पानावर आजींचं. एकाच दिवसाची दोघांची हकिकत समोरासमोर येऊ द्या.

'जुन्या गाड्यांबद्दल सांगा' असं मोघम विचारू नका. डब्यात काय असायचं? पहिला पगार किती आणि कुणाच्या हातात दिला? कॉलबॉय कसा हाक मारायचा? असं बारीक विचारलं, की गाठोडं सुटतं.

मोबाइल घेऊन उठणाऱ्या मुलांच्या हातातला तो मोबाइलच कामाला लावा. आजोबांचा आवाज भरून ठेवायला सांगा. गाडीची शिट्टी ते तोंडानं करून दाखवतात ना, ती आधी.

जुने फोटो असतील, तर मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. चिकटपट्टी लावू नका, कागद पिवळा पडून तुकडे होतात. नोकरीचे कागद, पास, बिल्ला एका कोरड्या डब्यात ठेवा. कडुनिंबाची वाळलेली पानं घालायची, तर कापडाच्या पुरचुंडीत.

सुट्टीत नागपूरला गेलात, तर मोतीबागेतलं नॅरो गेजचं रेल्वे संग्रहालय पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात माथेरानच्या गाडीचं एक जुनं इंजिनही आहे. आजोबा बरोबर असतील, तर दुसरा माहितगार शोधायला नको. आणि आजींना इंजिनापाशी उभं करून फोटो काढायला विसरू नका.

रेल्वेत कुणीच नव्हतं, अशा घरांतही आठवणी असतातच. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दुधात भिजवलेल्या दशम्या, मुद्दाम नेसलेली गडद रंगाची साडी. डोळ्यात कोळशाचा कण गेला, की आई पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून डोळ्याला लावायची, ती ऊब तर कुणीच विसरलेलं नसेल. तेही लिहा. ज्यांनी ते पाहिलं, त्यांची वयं आता वाढत चालली आहेत. दिवाळीची झाडलोट आटपली की बघू, असं या कामाला म्हणू नका.

तुमच्या घरातल्या आजींनी काय सांगितलं, ते मला जरूर कळवा. आजोबांचं पत्र आलं तरी चालेल, पण आजींचं आधी छापीन हं!