गाय आणली, टिकणार किती वेत?

खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यात दुग्धव्यवसायाकडे पर्याय म्हणून पाहिले गेले. कामधेनू योजनेतून दुभत्या जनावरांच्या खरेदीला अनुदान मिळते आणि परराज्यांतून संकरित गायी येतात. मात्र आणलेली गाय गोठ्यात किती वेत टिकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमोण्यासारख्या गावातील दूध उत्पादकाचा नफा-तोटा याच उत्तरावर ठरतो.

हिशेब सरळ आहे. लाखाची गाय तीनच वेत टिकली, तर प्रत्येक वेतावर खरेदीचा भार ३३ हजार रुपयांचा. सहा वेत टिकली, तर तो निम्म्यावर येतो. गायीचे नैसर्गिक आयुर्मान वीस वर्षांपर्यंत असू शकते; तरीही जगभर गायी त्याआधीच गोठ्याबाहेर जातात. गाभण न राहणे, कासदाह आणि लंगडेपणा ही त्याची प्रमुख कारणे. या तिन्हींचे मूळ बव्हंशी व्यवस्थापनात असते.

मांडवीकाठची दमट हवा होल्स्टिन रक्ताच्या गायीला सोसत नाही. तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ७२च्या वर गेला की तिचे खाणे घटते, दूध उतरते, माज नीट दिसत नाही. त्यात गोठा कोंदट, पावसाळाभर ओला आणि काँक्रीटचा असेल, तर खूर झिजतात व कासेला संसर्ग होतो. हिरव्या चाऱ्याची वाण असली की भाताच्या पेंढ्यावर भागवावे लागते. त्यात प्रथिने अत्यल्प. उंच छप्पर, पंखा, कोरडी बैठक, खनिज मिश्रण, दिवसभर पाणी आणि विण्यापूर्वी दोन महिने दूध आटवणे हे उपाय नव्या गायीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

गोव्यात १९७८ पासून गोहत्या प्रतिबंधक कायदा आहे. त्यामुळे अकाली भाकड झालेल्या गायीचा खर्च मालकाच्या, रस्त्याच्या किंवा गोशाळेच्या माथी येतो. मोकाट गुरांच्या प्रश्नाची एक वाट अशी गोठ्यातूनच निघते.

म्हणून अनुदानाचा काही भाग खरेदीऐवजी गोठा-सुधारणेला आणि टिकलेल्या वेतांना जोडावा. २०२० मध्ये राष्ट्रीय नोंद मिळालेली गोव्याची श्वेत कपिला दूध कमी देते, पण इथल्या हवेला सरावलेली आहे. पैदास धोरणात तिलाही स्थान हवे. यश आणलेल्या गायींवरून मोजण्याचे दिवस संपले पाहिजेत. पाचव्या वेताला किती गायी गोठ्यात उभ्या आहेत, हे मोजायला हवे.