हलकेफुलकेपणाचे आलंबन

दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरांच्या विनोदी मालिकांना 'हलक्याफुलक्या' म्हटले, की त्यांच्यासंबंधीची आपली जबाबदारी संपली, अशी मराठी समीक्षेची समजूत दिसते. थोडे अधिक कष्ट घेणारे 'विडंबन' हा शब्द योजतात. हे दोन्ही शब्द विचाराला चालना देण्याऐवजी तो थांबवतात. या मालिकांची शैली आणि त्यांचा सूर या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सूर ठरतो तो हास्याचे आलंबन कोण यावरून, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

परदेशी राजकीय हेर आणि आपल्याकडचा खाजगी डिटेक्टिव्ह यांची तुलनाच गैर आहे, असा आक्षेप संभवतो. पाश्चात्त्य वर्गीकरणात हे दोन वेगळे कथाप्रकार आहेत, हे खरे. पण मराठीत दोघांनाही 'गुप्तहेर'च म्हणतात. बाबुराव अर्नाळकरांच्या वाचकाला त्यात काही खटकले नाही. आपला शब्द पेशापेक्षा कृतीकडे पाहतो : लपून माहिती काढणे. हा भाषेचा ढिसाळपणा मानण्याऐवजी तुलनेचा आधार मानावा.

'गेट स्मार्ट' (१९६५–७०) या अमेरिकन मालिकेतील मॅक्सवेल स्मार्ट पायातला बूट काढून त्यावर दूरध्वनी करतो. ब्रिटिश 'द अ‍ॅव्हेंजर्स' (१९६१–६९) मधील जॉन स्टीड छत्री आणि बाउलर हॅट यांवाचून दिसत नाही. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद'मध्ये पंकज कपूर यांचा नायक गाजर चावत गुन्हे उकलतो. शैलीच्या दृष्टीने तिन्ही युक्त्या सारख्याच आहेत. एक वस्तू, तिची पुनरावृत्ती, आणि धोक्याच्या क्षणी तिची विसंगत हजेरी. केवळ शैली मोजणारा समीक्षक येथेच थांबेल व तिघांनाही 'विडंबन' म्हणून मोकळा होईल.

परंतु बूट स्मार्टची प्रतिष्ठा घालवतो. त्याची सहकारी 'एजंट ९९' त्याच्याहून हुशार आहे. हास्याचे आलंबन स्वतः नायक, आणि त्याच्यामार्फत त्याला नेमणारी सरकारी यंत्रणा. छत्री स्टीडची प्रतिष्ठा वाढवते. एमा पील त्याच्या बरोबरीने बोलते आणि लढतेही. हसू येते ते जग जिंकू पाहणाऱ्या विक्षिप्तांचे. गाजराने मात्र करमचंदचे काहीच बिघडत नाही. तो शेवटी बरोबरच ठरतो. हसायचे ते किटीला. ती प्रश्न विचारते, तो तिला गप्प बसवतो, आणि हे गप्प बसवणेच मालिकेचे पालुपद होते. सुश्मिता मुखर्जी यांच्या अभिनयाने किटीला स्वतःचे तेज दिले, हे मान्य केले तरी संहितेने तिला दिलेली जागा बदलत नाही.

किटी ही विदूषकाची परंपरा आहे, असे समर्थन होऊ शकेल. ते टिकणारे नाही. संस्कृत नाटकातील विदूषक स्वतः हास्यास्पद असला, तरी राजाची थट्टा करण्याची मुभा त्याला असते. किटीला हास्यास्पदता मिळाली, मुभा मिळाली नाही.

शैली आणि सूर यांची फारकत सर्वांत स्पष्ट होते ती 'सी.आय.डी.'मध्ये. बी. पी. सिंग यांची ही मालिका १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तीत विनोदाची अधिकृत वाटणी दिनेश फडणीस यांच्या फ्रेडरिक्सकडे होती. प्रेक्षक मात्र दया दार तोडतो किंवा शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवत संशय व्यक्त करतात, तेव्हा हसू लागला. मालिकेचा सूर गंभीरच राहिला. पुनरावृत्तीने शैली इतकी उघडी पडली, की आलंबनाची निवड प्रेक्षकाने आपल्या हाती घेतली. कायद्याच्या रक्षकांना हसण्याची जी मुभा 'गेट स्मार्ट'च्या संहितेने दिली होती, ती येथे प्रेक्षकाने न विचारता घेतली. याला विडंबन म्हणणे म्हणजे प्रेक्षकाचे कर्तृत्व लेखकाच्या खात्यावर जमा करणे होय.

मग या मालिकांचा विचार साहित्यसमीक्षेने का करावा? कारण ज्या संहितांना आपण क्षुल्लक मानतो, त्यांच्यातच कोणाला हसणे रास्त हे समाज बिनविरोध ठरवून टाकतो. मुलुंड-घाटकोपरच्या महाविद्यालयांतून आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याने दूरचित्रवाणी कादंबरीच्या आधी पाहिलेली असते. हास्याची त्याची पहिली व्याकरणे तेथली आहेत. त्याच्या प्रबंधिकेत 'निखळ करमणूक' हा शब्दप्रयोग आला, तर मार्गदर्शकाने तो खोडावा आणि समासात एवढेच विचारावे : निखळ, पण कोणाच्या जिवावर?